गावात अखंड हरिनाम सप्ताह बसवताना

सप्ताह बसवायचं ठरलं की गावात पहिली चर्चा होते ती "कीर्तनकार कोण आणायचे" याची. वर्गणीचा आकडाही त्या नावांवरच ठरतो. पण सप्ताह पेलून नेणारी कामं वेगळी आहेत, वीणेचा पहारा (वीणा खाली न ठेवता पाळीपाळीनं नाम चालू ठेवणं) आणि पंगत. महाराज दोन तास कीर्तन करून पुढच्या गावाला निघतात. रात्री अडीच वाजता वीणा कोणाच्या गळ्यात आहे आणि दुपारी चारशे माणसांची आमटी कोण बघतंय, यावर सात दिवस निभतात. म्हणून इथं या दोन कामांबद्दल जास्त लिहिलं आहे.

तिथी आणि पहिली बैठक

बैठक निदान सहा महिने आधी घ्या आणि मंदिरातच घ्या. कोणाच्या वाड्यावर घेतली की सप्ताह त्या भावकीचा होऊन बसतो आणि बाकीचे पाहुण्यासारखे येऊन जातात.

सात दिवस नाम आणि आठव्या दिवशी काला, असे आठ दिवस धरून पंचांगात मागं मोजत या. मोजताना एकादशी कुठं येते ते पाहा, कारण त्या दिवशी कोठीचं सगळं गणित बदलतं. हनुमान जयंती किंवा दत्त जयंतीला काला असेल तर सप्ताह शुद्ध अष्टमीला बसतो आणि एकादशी चौथ्या दिवशी येते. तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला काला असेल तर एकादशी दुसऱ्याच दिवशी येते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. गोकुळाष्टमीचा काला नवमीला धरला तर एकादशी टळते, पण सातवा दिवस जन्माष्टमीच्या उपवासाचा असतो.

तिथीबरोबर शेताकडेही पाहावं लागतं. ज्वारी काढणी, कांदा काढणी, ऊसतोड यात माणसं अडकली की पहाऱ्याला कोणी मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं घरात असतात, तेव्हा मंदिरालगतच्या घरांना विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नका. मुंबई-पुण्याला असलेल्या मंडळींना तारीख लगेच कळवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्यांना आठ दिवस आधी कळवून वर्गणी तेवढी मागितली, तर पैसे येतात आणि माणसं येत नाहीत. लेकी-जावयांना निमंत्रण घरोघर जातंच, पण गावाच्या वतीनंही एक पत्र गेलं की माहेरवाशिणी काल्याला हमखास येतात.

पहिल्याच बैठकीत मानपानाचा विषय संपवा. वीणापूजन, कलशपूजन, ग्रंथपूजन, ध्वज, रोजची आरती, काल्याची हंडी हे सगळे मान कागदावर उतरवा आणि आळीवार, वस्तीवार फिरते ठेवा किंवा चिठ्ठ्या टाका. गावठाणातल्या घरांबरोबर मळ्यातली, वाड्या-वस्त्यांवरची आणि सगळ्या समाजांची घरं त्या यादीत हवीत. वारकऱ्यांच्या सप्ताहात एखादं घर पंगतीला बसतं पण मानाच्या यादीत नसतं, असं असेल तर तो सप्ताह अपुरा आहे. सप्ताहात भांडण होतं ते बहुतेक नारळ आधी कोणाच्या हातात गेला यावरून, आणि ते पाचव्या-सहाव्या दिवशी, सगळे जागरणानं थकलेले असताना होतं. कागद असेल तर ते उठत नाही.

पैशाला दोन माणसं ठेवा, एक घेणारा आणि एक लिहिणारा. पावती पुस्तकांना अनुक्रमांक हवेत. धान्य येतं त्याचीही पावती द्या, कारण दोन पोती गहू देणाऱ्या शेतकऱ्याचं नाव फलकावर राहून गेलं तर पुढच्या वर्षी तो देत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

परवानग्या

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावता येत नाही. ठरावीक दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण आपला सप्ताह त्या दिवसांत बसतो का, ते ठाण्यातच विचारून घ्या. याचा वेळापत्रकावर थेट परिणाम होतो. कीर्तन दहाच्या आत संपलं पाहिजे आणि पहाटेचा काकडा माइकशिवाय म्हटला पाहिजे. काकडा माइकशिवायच चांगला लागतो. वीस माणसं तालात म्हणू लागली की गाभाऱ्याला दुसऱ्या आवाजाची गरज उरत नाही.

महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घ्या, खांबावर आकडा टाकू नका. मंडपाच्या लोखंडी खांबांना चिकटून वायर जाते, खाली जमीन ओली असते आणि माणसं अनवाणी असतात. मीटरपाशी ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि वायरमनला रोज संध्याकाळी एक चक्कर मारायला सांगा. महाप्रसादाबाबत अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदणीची चौकशी करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तारखांचं पत्र द्या.

पहारा

सात दिवसांचे तास होतात १६८. एवढा वेळ वीणा खाली ठेवायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही, म्हणून तर सप्ताह अखंड म्हणायचा. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाला १२ पहारे होतात. बारा जथे करा आणि प्रत्येक जथ्याला सातही दिवस तीच वेळ द्या. रोज वेळ बदलणारी यादी कागदावर न्याय्य दिसते, पण तिसऱ्या दिवशी कोणाला काय आठवत नाही आणि वीणेकरी दुसऱ्या माणसाची वाट बघत चार तास उभा राहतो. रोज तीच वेळ असली की शरीर जुळवून घेतं आणि घरच्यांनाही ठाऊक असतं.

जथ्यात सहा माणसं हवीत, त्यापेक्षा कमी नकोत. एक वीणेवर, तिघं-चौघं टाळ घेऊन, एखादा मोकळा. वीणा गळ्यात घेऊन सलग दोन तास उभं राहिलं की खांदा आणि कंबर धरते, म्हणून जथ्यातल्या जथ्यात अर्ध्या-अर्ध्या तासानं वीणा फिरू द्या. सहापैकी एक जण मंदिराजवळ राहणारा असावा. पावसात किंवा अंधारात मळ्यातली माणसं अडकली तर तो एकटा वेळ धरून ठेवतो.

वीणा देण्या-घेण्याची रीत नवख्या पोरांना आधी एकदा दाखवा. येणाऱ्यानं हातपाय धुऊन दहा मिनिटं आधी यायचं, वीणेचं दर्शन घ्यायचं आणि शेजारी उभं राहून "राम कृष्ण हरि" म्हणायला लागायचं. त्याचा आवाज लागला की वीणेचा पट्टा त्याच्या गळ्यात जातो, त्याचा हात तारेवर येतो आणि मगच आधीचा हात सोडतो. मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात, त्यात लहान-मोठा पाहायचा नाही. नाम तुटतं ते नेमकं या अदलाबदलीत, कारण दोघांनाही वाटतं की समोरचा म्हणतोय.

रात्रीचे बारा ते दोन आणि दोन ते चार हे दोन पहारे कसोटीचे. ते तरुणांना द्या, पण त्यांना दिवसा पंगतीच्या, मंडपाच्या कामातून पूर्ण सूट द्या. दिवसभर वाढपी आणि रात्री वीणेकरी असं केलं की चौथ्या दिवशी पोरगं तापानं पडतं. आणखी एक गोष्ट यादी करणाऱ्यांकडून हटकून सुटते. बऱ्याच भागांत शेतीपंपाला वीज आठवड्याच्या पाळीनं दिवसा किंवा रात्री येते. ज्याच्या फीडरला (वीजवाहिनीला) त्या आठवड्यात रात्रपाळी आहे, तो माणूस दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणार, मंदिरात येणार नाही. आधी फीडरचं वेळापत्रक आणा, मग रात्रीची नावं लिहा.

बायकांना पहारा देताना वेळ त्यांनाच विचारा. बऱ्याच गावांत सोयीची म्हणून त्यांना सकाळी दहा ते बारा दिली जाते, आणि तेव्हाच तर स्वयंपाकाचा सगळा भार त्यांच्यावर असतो. दुपारी दोन ते चार पंगत उरकलेली असते, ती वेळ बहुतेकींना जमते. एकाच जथ्यावर थांबू नका. भजनी मंडळ चांगलं असेल तर तीन पहारे त्या सहज उचलतात.

पहारा प्रमुख एकच असावा. त्याच्याकडे बाराही जथ्यांचे फोन नंबर, एक वही आणि मंदिरात झोपायची जागा हवी. प्रत्येक बदल वहीत वेळेसह लिहायचा. रात्री दोनला चहा ठेवायचा, तोही उभ्या माणसाला आधी.

वीणेच्या तारांचा एक जादा संच, शिवलेला जादा पट्टा आणि टाळांच्या दोऱ्या आधीच आणून ठेवा. पट्टा तुटतो तो शिवणीपाशी, म्हणून सप्ताह बसण्याआधी मोच्याकडून दुहेरी टीप मारून घ्या. नंदादीप सातही दिवस तेवत ठेवायचा असतो. तेल किती लागेल याचा अंदाज बांधत बसू नका. आदल्या दिवशी वात लावून एका तासात किती तेल उतरतं ते मापून घ्या, त्याला १६८ नं गुणा आणि वर एक लिटर जास्त आणा. वात बदलताना नवी वात जुनीवरून पेटवून मगच जुनी काढायची.

पारायण

ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतीत १८ अध्याय आणि ९०३३ ओव्या आहेत. सात दिवसांत रोज साधारण १२९० ओव्या येतात. सामूहिक वाचनात एका ओवीला दहा सेकंद धरले तर साडेतीन तास होतात, मधे पाणी-चहा. म्हणूनच सकाळी ७ ते ११ ही वेळ रूढ आहे. अध्याय सारखे नाहीत. पाचव्यात १८० ओव्या, अठराव्यात १८१०. "रोज अडीच अध्याय" असं ठरवलं की शेवटच्या दिवशी दुपारचे दोन वाजतात आणि पंगत ताटकळते. वाटणी अशी करता येते: पहिल्या दिवशी १ ते ५, दुसऱ्या दिवशी ६ ते ९, तिसऱ्या दिवशी १० ते १२, चौथ्या दिवशी एकटा तेरावा, पाचव्या दिवशी १४ ते १६, सहाव्या दिवशी सतरावा आणि अठराव्याच्या सुरुवातीच्या ९०० ओव्या, सातव्या दिवशी राहिलेला अठरावा आणि पसायदान. यात दुसरा दिवस सर्वांत जड (१५१३ ओव्या). त्या दिवशी अर्धा तास लवकर बसा.

सगळ्या वाचकांकडे एकाच प्रकाशनाची प्रत असावी. प्रतीप्रतींत ओव्यांचे क्रमांक आणि काही शब्द बदलतात. व्यासपीठ चालक, म्हणजे पुढं बसून वाचन चालवणारे, एक म्हणतात आणि मागं दुसरंच ऐकू येतं. वीस-पंचवीस प्रती गावानं घेऊन ठेवल्या तर दरवर्षी कामाला येतात. व्यासपीठ चालक सावकाश वाचणारा निवडा. भरभर वाचणारा तासभर वाचवतो, पण म्हातारी माणसं आणि नुकतंच वाचायला लागलेली पोरं त्याच्यामागं धावू शकत नाहीत, नुसती पानं उलटत राहतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागच्या ओळीत खुर्च्या ठेवा.

बाकी दिवस असा लागतो: काकडा ४ ते ६, मग विष्णुसहस्रनाम, पारायण, ११ ते १ गाथेवरचं भजन, मग पंगत, ४ ते ५ प्रवचन, ६ ते ७ हरिपाठ, ७.३० ते ९.३० कीर्तन, नंतर रात्रीची पंगत आणि हरिजागर. हरिपाठाला शाळेतल्या मुलांना पुढच्या ओळीत उभं करा. टाळ कसा धरायचा आणि पावली कशी टाकायची हे त्यांना तिथंच येतं.

कीर्तन

कीर्तनकारांच्या तारखा सहा महिने ते वर्षभर आधी घ्याव्या लागतात. बिदागी किती, गाडीभाडं त्यात धरलं की वेगळं, सोबत किती माणसं, मुक्काम आहे की लगेच निघणार, जेवणात काय चालत नाही, हे बोलताना स्पष्ट विचारा. संकोचानं न बोललेला आकडा नंतर दोघांनाही टोचतो. आठ दिवस आधी एकदा आणि आदल्या रात्री एकदा फोन करा. सात दिवसांत एखादी गाडी कुठंतरी अडकतेच, म्हणून पंचक्रोशीतला एक कीर्तनकार "गरज पडली तर या" म्हणून आधी सांगून ठेवा आणि तो आला नाही तरी त्याचा श्रीफळ-उपरण्यानं मान करा.

साथसंगत हा अर्धा सप्ताह आहे. आळंदीत विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथले आणि आळंदीतल्या इतर संस्थांतले विद्यार्थी गायक आणि मृदंगाचार्य म्हणून सात दिवस राहायला येतात. त्यांना दोन वेळचं जेवण, झोपायला बंदिस्त खोली आणि आंघोळीला गरम पाणी द्या. मंडपात झोपवलं की थंडीनं गळे बसतात. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, गव्हाची कणीक लागते. कीर्तनाआधी तासभर मूठभर कणीक घट्ट मळून ओल्या फडक्यात ठेवायला एका घराला सांगून ठेवा. उन्हाळ्यात ती कीर्तन चालू असतानाच सुकते, तडा जातो आणि धुम्याचा आवाज उघडा पडतो, म्हणून वाटीभर पाणी मृदंगाचार्यांच्या हाताशी असू द्या.

टाळकरी दोन्ही बाजूंना समसमान, वीणेकरी महाराजांच्या मागं, पेटी आणि पखवाज समोरासमोर. टाळांना माइक लावू नये. वीस टाळ माइकवर आले की शब्द बुडतात. स्पीकर कमी ताकदीचे पण जास्त संख्येनं लावा आणि तोंडं मंडपात वळवा. दोन मोठे भोंगे खांबावर चढवले की शेजारच्या गावाला ऐकू येतं आणि मंडपातल्या शेवटच्या रांगेला काहीच कळत नाही.

सत्कार ही कीर्तनाला लागलेली मोठी कीड आहे. साडेसातचं कीर्तन पावणेनऊला सुरू होतं ते शाली-श्रीफळांमुळे. नियम करा: अन्नदात्यांची नावं हरिपाठानंतर दहा मिनिटांत वाचायची, नारदाच्या गादीसमोर (कीर्तनकार उभे राहतात त्या जागेसमोर) सत्कार नाहीत आणि माइकवर राजकारण्याचं भाषण नाही. हे पहिल्या बैठकीत ठरलं असेल तर ऐनवेळी कोणाला "नाही" म्हणणं सोपं जातं.

पंगत

पंगतीचा पहिला अंदाज असा धरा. शंभर माणसांना पोळीचं जेवण असेल तर कणीक १० ते ११ किलो (माणशी तीन पोळ्या), तांदूळ ८ किलो, तूरडाळ ४ किलो, भाजी १२ किलो. भाकरी असेल तर माणशी दोनप्रमाणे ज्वारीचं पीठ २४ किलो. नुसता आमटी-भात असेल तर तांदूळ १४ किलोपर्यंत जातो. बुंदी माणशी ६० ग्रॅम धरली तर शंभरांना सहा किलो लागते, त्याला बेसन दीड किलो आणि साखर तीन किलो. पहिल्या दोन दिवसांत पत्रावळी मोजा. दिलेल्या पत्रावळींचा आकडा खोटं बोलत नाही, त्यावर तिसऱ्या दिवशीपासूनचं माप बसवा. काल्याला रोजच्या चौपट माणूस धरा.

भाकरी मंदिराशी भाजत बसण्यापेक्षा घरोघरून गोळा करणं केव्हाही चांगलं. श्रीरामपूरजवळच्या सरला बेटाच्या, गंगागिरी महाराजांच्या परंपरेतल्या सप्ताहात आमटी-भाकरीचाच प्रसाद असतो आणि भाकऱ्या गावागावांतून येतात. आपल्या गावात एका आळीला एक दिवस दिला आणि घराला आठ भाकरी सांगितल्या, तर पंचवीस घरांत शंभर माणसांची सोय होते. खर्च वाचतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या घराला वर्गणी जड जाते, तेही बरोबरीनं उभं राहतं. भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, वाफेनं घाम सुटतो आणि चिकटून आंबते. गार करून सुती फडक्यात, टोपलीत आणायची.

आमटीत चिंच पडते, म्हणून भांडं पाहा. पितळी किंवा तांब्याच्या पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट शिजवू नका, ते अंगावर येतं. भात एका टोपात १५ किलोपेक्षा जास्त लावू नका, तळ करपतो आणि वर कच्चा राहतो. शिजलेला गरम भात झाकून तासन् तास ठेवला की आंबतो. पंगत जसजशी बसेल तसतसा लावा. सकाळचं उरलेलं रात्रीच्या पंगतीत मिसळायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. उरतंय असं दिसलं की दुपारीच वस्त्यांवर पोचवा.

एकादशीला जास्त सावध राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या एका गावात सप्ताहात एकादशीच्या भगर-आमटीतून शेकडो माणसांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावं लागलं. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि दळलेल्या पिठात ती दिसत नाही. म्हणून सुटं भगरीचं पीठ आणायचं नाही. बंद पाकिटातली अख्खी भगर घ्या, तारीख पाहा, निवडा, तीन पाण्यांनी धुवा आणि लागेल तशी ताजी शिजवा. शेंगदाणे कडू किंवा कुबट लागले तर पोतं परत करा. भगर आणि आमटी दोन तासांत संपली पाहिजे. शिजवायला मंदिराचा एक ठरलेला माणूस ठेवा आणि प्रत्येक दिवसाच्या पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. काही झालंच तर डॉक्टरांना कारण शोधायला तो कामी येतो.

पाण्याच्या टाकीत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या, १००० लिटरला ५ ग्रॅम, आणि अर्धा तास थांबून मग पाणी वापरा. प्यायचं पाणी ओगराळ्यानं किंवा तोटीनं घ्यायचं, पिंपात हात किंवा पेला बुडवायचा नाही. हात धुवायला मोरीजवळ साबण बांधून ठेवा. स्टीलची ताटं असतील तर तीन टब लागतात, राखेचा किंवा साबणाचा, साधा आणि शेवटचा स्वच्छ. तिसऱ्याचं पाणी दर पन्नास ताटांना बदलायचं. पत्रावळी पानांच्या घ्या आणि खड्डा आधीच खणून ठेवा.

बसवताना दोन ओळींत चार फूट वाट सोडा, नाहीतर आमटीची बादली पाठीवर सांडते. प्रत्येक पदार्थाला पंचवीस माणसांमागं एक वाढपी. मीठ-लोणचं आधी, मग भाजी, पोळी किंवा भाकरी, गोड, आमटी आणि सगळ्यांना पोचल्यावर "पुंडलिक वरदे हरि विठ्ठल". पंगत एकच असू द्या. पाहुण्यांची वेगळी, मानकऱ्यांची वेगळी, अशी वाटणी करू नका. बायकांची पंगत पुरुषांनंतर आणि उरलेल्या आमटीवर बसते, ती रीतही मोडायला हवी. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष असं एकाच वेळी बसवलं की ते जमतं, फक्त वाढपी दुप्पट लागतात.

काला आणि नंतरची कामं

सातव्या दिवशी संध्याकाळी ग्रंथदिंडी निघते. मार्ग आधी चालून पाहा; लोंबत्या वायरी, उघडी गटारं आणि पालखी वळणार नाही असा बोळ तेव्हाच कळतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पालखीच्या पुढं, ट्रॅक्टर आणि ध्वनिक्षेपकाची गाडी असेल तर बऱ्याच पुढं.

काल्याचं कीर्तन १० ते १२. शेवटी हंडी फुटते तेव्हा पोरं पुढं झेपावतात, म्हणून हंडी माणसाच्या उंचीच्या थोडीच वर बांधा आणि खाली वीणेकऱ्याभोवती चार जाणती माणसं उभी करा. पाचशे माणसांच्या काल्याला पातळ पोहे ४ किलो, ज्वारीच्या लाह्या २ किलो, दही १० किलो, काकडी ३ किलो, वर लिंबाचं लोणचं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मीठ आणि थोडी साखर. दही पहाटे लागलेलं हवं, आदल्या दुपारचं आंबतं. लाह्या अगदी शेवटी, हंडी बांधायच्या वेळी घाला, नाहीतर लगदा होतो. घराघरांतून आणलेला काला यातच मिसळायचा.

वीणा उतरते ती आरती आणि पसायदान झाल्यावर. तिची पूजा करून गवसणीत घाला, तारा सैल करून ठेवा; ताणून ठेवलेल्या तारा वर्षभरात दांडी वाकवतात. मंडपाचे खड्डे त्याच दिवशी बुजवा, भाड्याची भांडी मोजून परत करा, मोरीचा चर बुजवून चुना टाका. आठ दिवसांच्या आत जमाखर्चाचा फलक मंदिराच्या भिंतीवर लावा, धान्यासकट आणि शिल्लक रकमेसकट. पहाऱ्याची वही उघडून कोणत्या जथ्याला कोणत्या रात्री माणूस कमी पडला ते लाल पेनानं लिहून ठेवा आणि वही पुढच्या वर्षीच्या पहारा प्रमुखाकडे, तो ठरला असेल तर लगेच, सोपवा. कोठीत उरलेलं धान्य पावसाळ्यात किडतं, ते जवळच्या आश्रमशाळेला किंवा वारकरी शिक्षणाच्या संस्थेला देऊन पावती फलकाशेजारी चिकटवा.